मालकीचा साग: तोडायच्या आधीचे कागद

शेतात साग लावायचा तर सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत रोपं किंवा जड्या (खोडाचा तुकडा असलेली छाटलेली मुळं) मिळतात, आणि पात्र शेतकऱ्याला रोजगार हमीतून लागवडीची मजुरीही मिळते. एवढी मदत बहुतेकांना ठाऊक असते. वनखात्याशी खरी गाठ पडते ती वीस-पंचवीस वर्षांनी, तोडीच्या वेळी. प्रकरण अडतं ते बहुधा लागवडीच्या वर्षी राहून गेलेल्या नोंदीपाशी.

साग, खैर, ऐन, किंजळ, आंबा, फणस ही झाडं १९६४च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहेत. झाड आपल्या हातचं असलं तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. म्हणून लागवड झाली की त्याच हंगामात ई-पीक पाहणीत झाडांची संख्या भरा. बांधावरच्या झाडांसाठी तिथे वेगळा पर्याय आहे. सातबाऱ्यावर झाडंच नसतील, तर ती तुमची हे पुढे पंचनाम्यातून सिद्ध करत बसावं लागतं.

सातबारा नीट वाचा. भोगवटादार वर्ग २, म्हणजे सरकारने अटींवर दिलेली जमीन असेल, तर जमीन कसायला दिली तेव्हाच्या आदेशात झाडांची मालकी कुणाची ते बघा. इतर हक्कात 'खासगी वन' असा शेरा असेल, तर प्रश्न १९७५च्या खासगी वन संपादन कायद्याचा, म्हणजे खासगी वनं सरकारकडे घेणाऱ्या कायद्याचा आहे. तो शेरा मिटल्याशिवाय तोडीचा अर्ज करण्यात अर्थ नाही. सहहिस्सेदारांची संमतीही आधीच लेखी घ्या, पुढे मुंबईची चुलत भावंडं वाढतच जातात.

राखीव जंगलाला लागून शेत असेल, तर भूमी अभिलेखची मोजणी करून हद्द कायम करा. हद्दीवरचं एक झाड वादात सापडलं की सगळं प्रकरण थांबतं.

२ × २ मीटरवर हेक्टरी २,५०० झाडं बसतात. पाचव्या-सहाव्या वर्षी पहिली विरळणी, म्हणजे दाटीतली काही झाडं काढणं, हवी. ती टाळली तर सगळी झाडं बल्ल्यांच्याच, म्हणजे बारीक वाशांच्याच जाडीची राहतात. विरळणीत पडणारा सागही सागच, त्यालाही परवानगी लागते.

अर्ज मंजुरीला गेला की वनकर्मचारी जमिनीपासून १.३७ मीटरवर घेर मोजतात आणि झाडाला क्रमांक देतात. बुंध्याशीही क्रमांक टाकून घ्या आणि तोड त्याच्या वरून करा. खुंटावर क्रमांक शिल्लक नसेल, तर तपासणीत ते झाड कोणतं हे सांगता येत नाही. लाकडावर वनखात्याच्या हातोड्याचा छाप आणि वाहतूक परवाना हातात येईपर्यंत गाडी भरू देऊ नका, ठेकेदार कितीही घाई करो.

ठेकेदार उभी झाडं ठोक भावात मागतो. तोंडी आकड्यावर जाऊ नका. लाकूड किती ते स्वतः काढा: ओंडक्याचा मध्यावरचा घेर चारने भागा, त्याचा वर्ग करा, लांबीने गुणा. ८० सेंटिमीटर घेर, ३ मीटर लांबी: ०.२० × ०.२० × ३ = ०.१२ घनमीटर. खरं आकारमान ०.१५च्या आसपास येतं. हा फरक या पद्धतीतच धरलेला असतो. त्यावर ठेकेदार सालीची आणखी सूट मागतो. ती द्यायची की नाही हे सौदा ठरतानाच लिहून घ्या.

अनुसूचित जमातीच्या खातेदारासाठी १९६९चा वेगळा कायदा आहे. त्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. मग तोड आणि विक्री वनखात्यामार्फत होते.

बांबूचं वेगळं. २०१७च्या दुरुस्तीनंतर भारतीय वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येत तो बसत नाही.