पायऱ्या लिहायला शिकताना: प्री-फिल्टरच्या कँडलचा सराव

टेक्निकल रायटिंग, म्हणजे वस्तू किंवा सॉफ्टवेअर वापरायच्या सूचना लिहिणं, शिकायचं ठरलं की बहुतेकजण आधी टूल शोधतात. मॅडकॅप फ्लेअर शिकू की फ्रेममेकर? डिटा (मजकूर ठरावीक प्रकारच्या तुकड्यांत लिहिण्याची एक्सएमएल पद्धत) येत नसेल तर नोकरी मिळेल का? टूल महिना-दोन महिन्यांत हाताला बसतं. खरा वेळ लागतो तो पायऱ्या लिहायला. ज्याने ती वस्तू कधी हाताळलेलीच नाही, त्याच्याकडून नुसत्या लिहिलेल्या शब्दांवर काम बिनचूक करून घ्यायचं असतं. याचा सराव आज घरातच सुरू करता येतो.

वॉटर प्युरिफायरच्या बाहेर भिंतीवर जो प्री-फिल्टर असतो, त्याची कँडल, म्हणजे हाउसिंग या बाहेरच्या आवरणातली गाळणी, बदलण्याचं काम घ्या. पहिला मसुदा साधारण असा उतरतो: 'पाणी बंद करून हाउसिंग उघडा, जुनी कँडल काढून नवी बसवा आणि हाउसिंग घट्ट बंद करा.' वाचताना काही खटकत नाही. आता हाच कागद हातात धरून कामाला लागा.

पाणी बंद करायचं म्हणजे नेमकं काय? प्री-फिल्टरकडे येणाऱ्या नळीवरचा कॉक बंद करायचा, पण त्याआधी प्युरिफायरचा स्विचही बंद करायला हवा. कॉक बंद केला तरी आतलं पाणी दाबाखालीच असतं, त्यामुळे हाउसिंगचं खालचं भांडं सैल करताच ते बाहेर उडतं. काही हाउसिंगच्या डोक्यावर दाब सोडायला लाल बटण असतं. ते असेल तर आधी दाबायचं, आणि बादली त्याच्याही आधी खाली ठेवायची. मग भांडं कुठल्या दिशेने फिरवायचं? 'घड्याळाच्या काट्यांच्या उलट' एवढंच लिहिलं तर अर्धे वाचक उलटं फिरवतील, कारण खालून बघितलं तर ते बरोबर आहे आणि वरून बघितलं तर चूक. दिशा लिहिताना माणूस कुठून बघतोय हे लिहावंच लागतं.

'नवी बसवा' यात तर सगळ्यात महागडी चूक लपलेली आहे. नव्या कँडलवर पारदर्शक प्लॅस्टिकचं वेष्टन असतं. ते काढायचं राहिलं की पाणी पुढे जात नाही आणि माणूस प्युरिफायर बिघडला म्हणून तक्रार नोंदवतो. पुढचा शब्द 'घट्ट'. किती घट्ट? ओ-रिंग (सांध्यातली रबरी कडी) खाचेतून सरकली असेल तर भांडं गळतं. गळतंय म्हणून माणूस पान्याने आणखी आवळतो. मग प्लॅस्टिकला तडा जातो किंवा पुढच्या वेळी भांडं उघडत नाही. म्हणून ओ-रिंग पुसून खाचेत नीट बसवण्याची पायरी वेगळी हवी, 'हाताने घट्ट होईल तेवढंच आवळा' असं हवं, आणि त्यानंतर 'कॉक हळूहळू उघडा, सांध्यातून थेंब येत नाही ना ते पाहा' हेही हवं. पायरी नीट झाली हे वाचकाला कशावरून कळेल, ते जिथे जिथे सांगता येतं तिथे सांगावं. एका वाक्याच्या अशा दहा-बारा पायऱ्या होतात.

इशाऱ्याची जागा कृतीच्या आधी. नंतर आलेला इशारा पाणी उडाल्यावर वाचला जातो. इशाऱ्यात तीन गोष्टी हव्यात: धोका कोणता, दुर्लक्ष केलं तर काय होईल, टाळायचं कसं. अमेरिकेतलं एएनएसआय झेड५३५ हे मानक पातळ्याही ठरवून देतं. जीवघेण्या किंवा गंभीर इजेसाठी 'डेंजर' आणि 'वॉर्निंग', किरकोळ किंवा मध्यम इजेसाठी 'कॉशन', फक्त वस्तूचं नुकसान होणार असेल तर 'नोटिस'. सगळीकडे 'वॉर्निंग' छापलं की वाचक एकही वाचत नाही.

वाक्याच्या लांबीसाठी विमान देखभालीच्या पुस्तिकांमधून आलेलं एएसडी-एसटीई१०० हे सोप्या तांत्रिक इंग्रजीचं मानक वाचाच. इंग्रजी सूचनेच्या वाक्यात जास्तीत जास्त २० शब्द, वर्णनाच्या वाक्यात २५, आणि एका वाक्यात एकच सूचना. मराठीत मी याहून कडक राहीन. आपलं क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे लांब वाक्यात काय करायचं हे कळेपर्यंत वाचकाचा हात अडून राहतो. सूचनेसाठी १२ शब्द पुरेत. अट मात्र आधी: 'कॉक फिरत नसेल तर जोर लावू नका.' आणि एका भागाला शेवटपर्यंत एकच नाव. पहिल्या पायरीत 'भांडं', चौथीत 'बाउल' आणि सातवीत 'कप' असं झालं की वाचक तीन भाग शोधत बसतो. नावांची यादी मसुद्याआधी करा.

आता चाचणी. ज्याने हे काम केलेलं नाही अशा एकाला कागद द्या, शेजारी उभे राहा आणि तोंड बंद ठेवा. (हे फार अवघड जातं.) तो कुठे थांबला, कुठली ओळ पुन्हा वाचली, कुठे न वाचताच पुढे गेला, एवढंच टिपा. फक्त पाणी उडणार किंवा काही मोडणार असं दिसलं तरच हात धरा. 'समजलं का?' हा प्रश्न निरुपयोगी आहे. माणसं संकोचाने हो म्हणतात. तो अडला असेल तर दोष वाक्यात शोधा.

सॉफ्टवेअरच्या कामाला हीच पद्धत लागू पडते. इन्स्टॉलेशनच्या पायऱ्या स्वतःच्या लॅपटॉपवर तपासू नका. त्यावर लागणारे प्रोग्रॅम आणि परवानग्या आधीच असतात, म्हणून सुटलेली पायरी दिसतच नाही. नवीन व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आतच चालणारा कोरा कॉम्प्युटर) घ्या. इंजिनिअरला 'हे फीचर समजावून सांगा' म्हणू नका. कच्चा मसुदा पुढे ठेवा आणि विचारा, 'चौथ्या पायरीत पोर्ट चुकीचा टाकला तर स्क्रीनवर काय दिसतं?' कोऱ्या प्रश्नापेक्षा चुकीच्या वाक्यावर इंजिनिअर लवकर उत्तर देतो.

एवढं जमल्यावर डिटा सोपं वाटतं. त्यातले संकल्पना, कृती आणि संदर्भ हे तीन मूळ विषय-प्रकार याच कारणासाठी वेगळे ठेवलेत: आरओ कसं चालतं हे पायऱ्यांच्या मध्ये घुसलं की काम थांबतं. मार्कडाउन (साध्या खुणांनी मजकूर मांडायची पद्धत) आणि गिट (फाइलमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) दोन आठवड्यांत कामापुरतं येतं. गूगलचे टेक्निकल रायटिंग वन आणि टू हे अभ्यासक्रम फुकट आहेत. पहिला वाक्यांसाठी उत्तम.

पोर्टफोलिओत दहा नमुने नकोत, तीन पुरेत. प्रत्येकात पहिला मसुदा, चाचणीतल्या नोंदी आणि दुरुस्त केलेली प्रत शेजारी शेजारी ठेवा. कंपनीची अंतर्गत कागदपत्रं त्यात घालू नका. त्याऐवजी गिटहब या साइटवर एखाद्या मुक्त (ओपन सोर्स) प्रकल्पाच्या इन्स्टॉलेशनच्या पानावरची सुटलेली पायरी भरा. तो बदल कुणी तपासला, त्यावर काय चर्चा झाली, हे मुलाखत घेणाऱ्याला तिथेच वाचता येतं.