गोडाचं काही वाटत नाही का?

हळदीकुंकू असो, ऑफिसातला वाढदिवस असो, मी जिलेबी मागून घेतली की शेजारची हमखास विचारते, "तुला गोड खाताना काही वाटत नाही का गं?" विचारणाऱ्या बहुतेकींनी मला 'साखर बंद'च्या काळात पाहिलेलं असतं, त्यामुळे प्रश्नात थोडा संशयही असतो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

वाटायचं. फार वाटायचं. सहा वर्षं मी बिनसाखरेचा चहा प्यायले. गणपतीत सगळ्यांसमोर 'प्रसादापुरता' म्हणून मोदकाचा कोपरा मोडून घ्यायचे. आणि रात्री सगळी निजानीज झाली की दिवा न लावता ओट्याशी उभी राहून डब्यातले उरलेले मोदक खायचे. गार मोदकाची पारी चिवट होते, तूप थिजून टाळूला चिकटतं. चव अशी काही लागायचीच नाही, तरी पाच संपायचे. सकाळी डबा उघडून सासूबाई काहीच बोलायच्या नाहीत, ते जास्त लागायचं. मग दोन दिवस नुसतं सूप.

एकादशी आणि दुप्पट खाशी, दुसरं काय! १९७५ साली पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी अमेरिकेत एक प्रयोग केला होता. काही विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक पाजला आणि मग चव बघायच्या निमित्ताने पुढ्यात आइस्क्रीम ठेवलं, हवं तेवढं खा म्हणून. एरवी निर्धास्त जेवणाऱ्या मुलींनी मिल्कशेक पोटात गेल्यावर आइस्क्रीम कमी खाल्लं. खाण्यावर सतत लगाम ठेवणाऱ्यांचं उलटं झालं. मिल्कशेक न पिता त्यांच्यासारख्याच मुलींनी जेवढं खाल्लं, त्याहून यांनी जास्त खाल्लं. उपास मोडलाच आहे, मग आता कशाला थांबा? माझ्या पाच मोदकांचा हिशेब मला तिथे लागला.

मग मी बंदी उठवली. पहिले तीन आठवडे अक्षरशः सुटले होते, ते लपवत नाही. सकाळी शिरा, संध्याकाळी बर्फी. नंतर एक दिवस बर्फी समोर असून मला भेळ हवीशी वाटली.

एक गोष्ट मात्र ठरवून केली. गोड ताटातच वाढून घ्यायचं, जेवणाबरोबर. एलिन सॅटर नावाच्या अमेरिकन आहारतज्ज्ञ मुलांसाठी हेच सांगतात, की गोडाचा एक वाटा बाकीच्या जेवणासोबतच ठेवा. 'आधी भाजी संपव, मग गोड' म्हटलं की भाजी शिक्षा होते आणि गोड बक्षीस. आमच्या आजीच्या ताटात श्रीखंड कोशिंबिरीच्या जोडीनेच यायचं. तिने काही वाचलं नव्हतं.

आता मोदक गरम असतानाच खाते, बसून. शेंडा मोडायचा, आत चमचाभर तूप सोडायचं, ते सारणात जिरेपर्यंत थांबायचं. वाफेबरोबर आधी जायफळ येतं, मग गूळ. दुसरा संपताना जीभ आपणच थंडावते. तिसरा पानात तसाच राहतो, कधी खाल्लाही जातो.

सासूबाईंना डायबिटीस आहे. त्यांचा अर्धा मोदक डॉक्टरांशी बोलून ठरलेला आहे आणि तो त्या चवीने खातात. त्यांचं ते पथ्य आहे. मी करत होते ते प्रायश्चित्त होतं, तेही गुन्हा घडायच्या आधीच. गुलाबजाम खाऊन "आज फार पाप केलं" म्हणणाऱ्या मैत्रिणींना मी हल्ली टोकते, कारण शेजारी बसलेली त्यांची दहा वर्षांची मुलगी ऐकत असते.

वजनाचं म्हणाल (खरा प्रश्न तोच असतो), तर एकदा सगळे ब्लाउज उसवून सैल करून घेतले. नंतर टेलरकडे जावं लागलं नाही. वजनकाटा माळ्यावर आहे.

आणि परवा फ्रिज आवरताना मागच्या कोपऱ्यात पेढ्यांचा पुडा सापडला. कुणाच्या तरी मुलाच्या निकालाचे होते. वरून हिरवी बुरशी आलेली. पेढे, आणि आमच्या घरात, विसरले गेले! ओल्या कचऱ्यात टाकताना मात्र खूप अपराधी वाटलं.