रोप लॅबमधून आणतो, खोड मात्र बांधावर फेकतो

इकडे नेदरलँड्समध्ये आमच्या घरामागे एक हिरवा डबा आहे, त्यात भाजीची देठं, फळांची सालं, उरलंसुरलं अन्न आणि बागेतला पालापाचोळा एवढंच टाकायचं, प्लास्टिकचा तुकडासुद्धा चालत नाही. ओला कचरा वेगळा गोळा करणं इथल्या नगरपालिकांना १९९४ पासून बंधनकारक आहे. माझं माहेर चोपडा तालुक्यातलं, केळी-कपाशीवालं घर, त्यामुळे पहिल्यांदा त्या डब्यात केळीची सालं टाकली तेव्हा मला आमच्या बांधावर सडत पडलेली खोडंच आठवली. फोनवर आबांना सांगितलं तर म्हणाले, "तठे कचराले बी इतका मान शे का?"

ज्यांनी केळीची बाग जवळून बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते, घड कापला की त्या झाडाचं काम संपलं, पुढचं पीक बाजूच्या पिलावर, म्हणजे बुंध्याशी फुटलेल्या कोंबावर. एकरात चौदा-पंधराशे झाडं धरा, म्हणजे तेवढी खोडं, पाण्याने भरलेली, एकट्या माणसाला उचलत नाहीत, मजूर लावून बाहेर काढायची आणि बांधावर नाहीतर नाल्यात टाकून द्यायची. आणि कपाशी संपली की पऱ्हाट्या, म्हणजे तिची वाळलेली झाडं, उपटून पेटवायच्या. लहानपणापासून हेच बघितलं.

मागच्या ऑक्टोबरमध्ये इथला एक कंपोस्ट प्लांट लोकांना बघायला खुला होता, तर गेलो आम्ही. हिरव्या डब्यातला माल आधी हवाबंद टाकीत जातो, तिथे ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू त्याचा गॅस करतात, आणि उरलेला लगदा मोठ्या बोगद्यांसारख्या खोल्यांत, खालून हवा सोडून कुजवतात. तिथल्या बाईंनी मीटरभर लांब थर्मामीटर ढिगात खुपसला, ६२ डिग्री! बाहेर स्वेटर घालून उभे होतो आम्ही आणि ढिगातून वाफा निघत होत्या. कुणी खालून जाळ लावलेला नाही, ही उष्णता जिवाणू खाताना स्वतःच तयार करतात, आणि ५५ च्या वर काही दिवस टिकली की तणाचं बी आणि बरेचसे रोगजंतू मरतात. शेवटी चाळून निघालेलं खत मी हातात घेऊन बघितलं, काळंभोर, भुसभुशीत, पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास.

परत येताना बसमध्ये हेच डोक्यात. बायोटेक्नॉलॉजी म्हटलं की आपल्याकडे बीटी कपाशी आठवते नाहीतर टिश्यूकल्चरची, म्हणजे लॅबमध्ये वाढवलेली, ग्रँड नैन जातीची केळीची रोपं, आणि जळगाव जिल्ह्याने तर ती रोपं केव्हाच आपलीशी केलीत, २०१६ साली जळगावच्या केळीला जीआय (भौगोलिक) मानांकनही मिळालं. म्हणजे झाडाच्या सुरुवातीला आपण लॅबवर विश्वास टाकतो, मग झाडाच्या शेवटाला का नाही? खरं तर आपल्या शेजारीच, नवसारी कृषी विद्यापीठाने केळीच्या खोडातून धागा काढताना निघणाऱ्या रसापासून द्रवरूप सेंद्रिय खत बनवलंय, आणि राहिलेल्या चोथ्याचं गांडूळखत होतं. नंदुरबारहून नवसारी काय लांब आहे हो!

आता आमचं सांगते. प्लांट बघून आल्यावर मी उत्साहात आबांना खोडांचा ढीग लावायला सांगितलं आणि तो पार बिघडला. काळं पाणी सुटलं, माश्या, वास, आई वैतागली. चूक माझी, खोडात ९० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, नुसती खोडं रचली तर आत हवाच राहत नाही आणि मग ते कुजत नाही, सडतं. मग नीट वाचलं, इथल्या ओळखीच्यांना विचारलं, आणि लक्षात आलं की उत्तर आमच्याच शेतात होतं, जे आम्ही पेटवत होतो ते. पऱ्हाटी कोरडी, कडक, कार्बनने भरलेली, तिचे बारीक तुकडे केले की ढिगात हवा खेळते आणि खोडाचं पाणी ती शोषून घेते. नत्रासाठी शेण. कार्बन-नत्राचं प्रमाण २५ ते ३० ला १ च्या आसपास पाहिजे. वरून ट्रायकोडर्मा, ही बुरशी कडक काडी फोडायला मदत करते. शिवाय पऱ्हाट्या वेळेवर शेतातून निघाल्या तर गुलाबी बोंडअळीचा आसराही जातो.

एक मात्र कळकळीने सांगते, मर रोग लागलेल्या केळीचं खोड ढिगात अजिबात घालू नका. पनामा मरची बुरशी मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहते, तिचा टीआर४ हा प्रकार बिहारमध्ये सापडलेला आहे, आणि घरच्या ढिगात सगळीकडे सारखी उष्णता येतेच असं नाही, कडेचा माल थंडच राहतो. इथे वागेनिंगेन विद्यापीठाने २०१८ मध्ये काचघरात केळी पिकवली ती मातीत नाही, कोकोपीट आणि रॉकवूलवर (दगड वितळवून केलेल्या लोकरीसारख्या तंतूंवर), याच बुरशीला टाळायचं म्हणून. कोकोपीट म्हणजे तरी काय, नारळाच्या सोडणाचा भुसाच.

दुसरा ढीग आबांनी जानेवारीत लावला, थर खोडाचा, थर पऱ्हाटीचा, वर शेणकाला. आमच्याकडे थर्मामीटर कुठला, लोखंडी सळई खुपसून ठेवली होती. सहाव्या दिवशी व्हिडिओ कॉल आला, सळई बाहेर काढली, टोकाला बोटं लावली आणि झटकन मागे घेतली. "हात लावता येस नही वं माय!" आणि मागून आई विचारत होती, आता उलटवायचा कधी?