मुरमाड माळावर अंजन गवत लावताना : माझा अनुभव

आटपाडी तालुक्यात आमची साडेतीन एकर मुरमाड पड जमीन आहे. पावसाळ्यात तिच्यावर कुसळी गवत माजत असे, पण दिवाळीच्या सुमारास त्याची कुसळे वाळली की ती खिलार गाईंच्या तोंडात रुतत आणि दिवसभर माळ तुडवूनही जनावरे भुकेलीच दावणीला येत. २०१३ च्या उन्हाळ्यात ती चारा छावणीत ठेवावी लागली. पुढे उसाच्या वाड्यांवर, म्हणजे शेंड्याकडच्या हिरव्या पानांवर, भागवले. परंतु वाड्यांतील ऑक्झॅलेट या घटकामुळे जनावराला कॅल्शियम कमी पडते, हे पशुवैद्यकांकडून समजल्यावर माळावरच टिकाऊ गवत उभे करायचे मी ठरवले. संकरित नेपिअर गवताला लागते तेवढे पाणी आमच्याकडे नाही, म्हणून अंजन आणि त्याच्या जोडीला स्टायलो हे द्विदल चारापीक निवडले.

पहिल्या वर्षी माझे चुकले. अंजनाचे नुकतेच काढलेले बी मी मृगात ज्वारीसारखे खोल पेरले आणि माळ जवळजवळ कोराच राहिला. अंजनाचे ताजे बी काही महिने सुप्तावस्थेत असते, हे मला नंतर कळले. दुसऱ्या वर्षी साठवणीतले बी घेतले. ते हलके व लवदार असल्याने वाऱ्याने उडते, म्हणून ओलसर मातीत कालवून उताराला आडव्या काढलेल्या उथळ काकऱ्यांत टाकले आणि शेजारच्या आबांच्या सांगण्यावरून वरून फक्त बाभळीची फांदी ओढली. स्टायलोच्या बियांचे कवच कठीण असते, त्यामुळे त्या आधी थोडा वेळ गरम पाण्यात ठेवल्या होत्या. जूनमध्ये उगवण विरळच दिसली, पण परतीच्या पावसानंतर ठोंबांना भराभर फुटवे आले.

त्यानंतरचे काम मात्र सर्वांत अवघड होते, ते म्हणजे जनावरांना त्या गवताला तोंड लावू न देणे. मुळे धरण्याआधी चरू दिले तर कोवळे ठोंब उपटून येतात, म्हणून मी बोरी-बाभळीचे कुंपण घालून वर्षभर चराईबंदी पाळली. "हिरवं समोर असताना गाईला कडबा का घालतोस?" असे आई रोज विचारायची आणि माझ्याकडे तिचे समाधान होईल असे उत्तर नव्हते.

तिसऱ्या वर्षी गवत फुलोऱ्यात येताच, वीतभर बुडखे राखून कापले. बी धरून वाळलेल्या गवतात काडी वाढते आणि प्रथिने घटतात, त्यामुळे कापणी लांबवणे मला परवडणारे नव्हते. वाळवून गंजी रचली तेव्हा आई स्वतः पेंढ्या मोजत उभी होती. आता माळाचे चार तुकडे केले असून ते पाळीपाळीने चारतो. यंदा पहिल्या वळिवानंतर आठवडाभरातच वाळक्या बुडख्यांतून हिरवे कोंब डोकावले. जनावरे मी अजून बांधूनच ठेवली आहेत. फुटवा गुडघ्याएवढा झाला की पहिला तुकडा खुला करणार आहे.