तुम्ही विचारलंत म्हणून : ती वही कशासाठी?

"ती वही कशासाठी?" हा प्रश्न विचारणाऱ्यांचे दोन गट आहेत. घरची माणसे आणि ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या ऑफिसातले सहकारी विचारतात, तेव्हा जे खेळाडू जगात जन्मलेच नाहीत त्यांचे सामने आणि गोल हाताने लिहून ठेवण्यात काय हशील, असे त्यांना म्हणायचे असते. फुटबॉल मॅनेजर, म्हणजे क्लबचा व्यवस्थापक होऊन संघ चालवण्याचा संगणकावरचा गेम, खेळणाऱ्या मित्रांना लिहिण्याचे वावडे नाही. त्यांचे म्हणणे असे, की बाहेरची साधने वापरली तर साऱ्या खेळाडूंची यादी दोन मिनिटांत एक्सेलमध्ये उतरते, मग ही कारकुनी कशाला? पहिल्या गटाला मी आजवर हसून टाळले आणि दुसऱ्यावर चिडलो. खरे कारण दोघांनाही सांगितले नाही, कारण ते सांगायचे तर एका मुलाची गोष्ट सांगावी लागते आणि त्या गोष्टीत माझी बाजू फारशी चांगली दिसत नाही.

सांगण्यासारखे एक कारण मात्र आहे, ते आधी सांगून टाकतो. हा गेम विसरतो. वीसेक हंगाम पुढे गेलात की सुरुवातीचे जवळजवळ सगळे खरे खेळाडू निवृत्त झालेले असतात आणि मैदानावर उरतात ते न्यूजेन, म्हणजे दरवर्षी क्लबांच्या युवा तुकड्यांत संगणकाने जन्माला घातलेली, त्या त्या देशाच्या नावांच्या यादीतून नाव-आडनाव जुळवलेली मुले. यातला एखादा पुढे पंधरा वर्षे मैदान गाजवतो आणि एक दिवस निवृत्त होतो. तो प्रशिक्षक किंवा स्काउट, म्हणजे नवे खेळाडू हेरणारा, झाला तर त्याचे पान शिल्लक राहते. नाही झाला, तर काही काळाने ते पान नाहीसे होते. जुन्या विजेत्यांच्या यादीत त्याचे नाव दिसते, पण फिकट अक्षरांत, आणि त्यावर क्लिक केले तर काहीच उघडत नाही. माझा पेशा हिशेबनिसाचा आहे. शिल्लक दिसते पण खाते उघडत नाही, ही अवस्था आमच्याकडे फार गंभीर समजली जाते.

म्हणून जांभळी नाक्यावरच्या दुकानातून आणलेल्या, हिरव्या कापडी पुठ्ठ्याच्या लांब वहीत मी नोंदी करतो. पुढची निम्मी वही रोजकीर्द आहे: गेममधली 30 जून ही तारीख आली की त्या हंगामातले माझ्या मते सर्वोत्तम अकरा खेळाडू, त्यांचे वय, क्लब, सामने, गोल आणि सरासरी गुणांकन. मागची निम्मी खतावणी आहे. जो खेळाडू या अकरांत दोनदा आला त्याचे स्वतंत्र पान तिथे उघडते, आणि त्या पानावर दर हंगामाला आकड्यांशेजारी एक वाक्यही लिहावेच लागते. "डावा पाय फक्त उभे राहण्यापुरता, तरी हट्टाने डावीकडून खेळतो." "यंदा तीन वेळा दुखापत, परत आला तो हळू झालेला." असली वाक्ये कुठल्याही साधनातून एक्सेलमध्ये येत नाहीत, हे माझे मित्रांना नेहमीचे उत्तर. ते चूक नाही, अपुरे आहे.

आता आकड्यांबद्दल. पडद्यावर आपल्याला वेग, पासिंग, जिद्द वगैरे गुण 1 ते 20 मध्ये दिसतात, पण त्यांच्या मागे दोन आकडे लपलेले असतात, 1 ते 200 मधले: खेळाडूची सध्याची क्षमता आणि तो जास्तीत जास्त कुठवर जाईल ती कमाल क्षमता, म्हणजे खेळणाऱ्यांच्या भाषेत सीए आणि पीए. न्यूजेनचा पीए जन्मतःच ठरतो आणि पुढे काहीही केले तरी वाढत नाही. खऱ्या पोरवयीन खेळाडूंबाबत मात्र गेम बनवणाऱ्यांनी थोडा विनय दाखवला आहे. त्यांच्या नावापुढे उणे आकडा ठेवता येतो, उदाहरणार्थ उणे 9 म्हणजे 150 ते 180 यांच्या दरम्यान कुठेतरी, आणि प्रत्येक नव्या सेव्हमध्ये, म्हणजे नव्याने मांडून जपून ठेवलेल्या डावात, नेमका आकडा नशिबाने ठरतो. तोच मुलगा एका सेव्हमध्ये जग जिंकतो आणि दुसऱ्यात बाकावर बसून राहतो. 25 ऑक्टोबर 2017 ला मी ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकलने नेरुळला जाऊन डी. वाय. पाटील स्टेडियमवर 17 वर्षांखालील विश्वचषकाचा उपांत्य सामना पाहिला होता. स्पेनने मालीला 3-1 ने हरवले, आबेल रुइझने दोन आणि फेरान टोरेसने एक गोल केला. त्या रात्री मला विचारले असते तर मी दोन गोलवाल्यावर पैज लावली असती. पुढे टोरेस मँचेस्टर सिटी आणि बार्सिलोनात गेला, 2022 च्या विश्वचषकात त्याने गोल केले. रुइझ ब्रागा, मग जिरोना असा गेला आणि 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकलेल्या संघात होता. दोघांचेही चांगलेच झाले, पण मी लावलेला क्रम चुकला असता. असे अंदाज चुकतात, हे मला आधीपासून ठाऊक होते. तरीही पुढचे घडले, म्हणून ते नमूद करतो.

टाळेबंदीच्या दिवसांत मी 2020 च्या आवृत्तीत इंग्लंडच्या सहाव्या श्रेणीतला एक क्लब घेऊन लांबची सेव्ह सुरू केली. गेममधल्या मार्च 2031 मध्ये युवा तुकडीत एक मिडफिल्डर आला, सोळा वर्षांचा, संगणकाने काढलेल्या चेहऱ्यांत शोभेल असा विचित्र भांग पाडलेला, जिद्द 18. त्याचे नाव इथे लिहीत नाही. यादीतून जुळवलेले ते नाव इंग्लंडमधल्या कुणा खऱ्या माणसाचेही असू शकेल. तो सहा नंबरची जर्सी घालायचा, म्हणून वहीत त्याला मी 'सहा' म्हणत असे. सर्वोत्तम अकरांत तो कधीच नव्हता. माझाच नियम मोडून मी खतावणीत त्याचे पान उघडले, आणि असे बिननियमाचे पान त्या वहीत ते एकच आहे. प्रशिक्षक त्याला चार तारे देत होते. हे तारे आपल्या संघाच्या तुलनेत असतात, आणि आमचा संघ तेव्हा जेमतेम तिसऱ्या श्रेणीत होता, हे मला कळायला हवे होते. मी मात्र त्याला देशाचा कर्णधार करून बसलो होतो.

2021 च्या जूनमधला एक रविवार होता, बाहेर पाऊस लागलेला. आमच्या गोलरक्षकाचा खांदा ऐन हंगामात निखळला आणि तो चार महिने बाहेर गेला. मी चिडून गेममधला एडिटर विकत घेतला. तो वेगळे पैसे मोजून मिळतो आणि कुणाचीही कुठलीही माहिती उघडून दाखवतो, बदलूही देतो. गोलरक्षकाची दुखापत मी पुसली. फसवणुकीला एवढीच सुरुवात लागते. नंतर हात तिथे होताच, म्हणून 'सहा'चे पान उघडले. सध्याची क्षमता 128, कमाल 131. तो वीस वर्षांचा होता.

ते दोन आकडे मी किती वेळ पाहिले ते आठवत नाही, पण ओट्यावरच्या कुकरच्या शिट्ट्या मोजायचे काम माझ्याकडे होते आणि वरण करपले, एवढे आठवते. अजून फक्त तीन गुण, आणि मग सगळे संपले. गेममधल्या त्याच उन्हाळ्यात मी त्याला विक्रीच्या यादीत टाकले. तो भेटायला आला, म्हणजे पडद्यावर संभाषणाची चौकट उघडली: आपल्याला क्लब सोडायचा नाही, असे त्याचे म्हणणे होते. मला चार-पाच तयार उत्तरे दिली होती, त्यातले क्लबच्या हिताचे मी निवडले. दोन आठवडे ड्रेसिंग रूम नाराज होती. जर्मनीतल्या एका मधल्या फळीतल्या क्लबने बरे पैसे दिले आणि वहीतल्या त्याच्या पानावर मी दोन तिरप्या रेघा मारून खाते बंद केले.

पुढची दहा-बारा वर्षे तो जर्मनीत खेळला. 131 च्या वर तो गेला नाही, जाऊ शकतच नव्हता. पण गेममध्ये आणखीही काही गोष्टी लपलेल्या असतात: सातत्य, मोठ्या सामन्यांतला खेळ, व्यावसायिक वृत्ती. एडिटरच्या त्याच पानावर थोडे खाली त्या होत्या, पण मी खाली सरकलोच नाही. त्याला देशाकडून बोलावणे आले ती बातमी मी वाचली. त्यांच्या क्लबने जर्मन कप जिंकला आणि अंतिम सामन्यातला एक गोल त्याचा होता, तीही वाचली. बातम्या वाचून मी पुढचा दिवस दाबत गेलो, कारण खाते बंद होते आणि बंद खात्यात नोंद करायची नसते.

2047 मध्ये तो निवृत्त झाल्याचे कळले. दोन हंगामांनी, कशामुळे कोण जाणे, मला त्याचे पान पुरे करावेसे वाटले. शोध घेतला, तर कपविजेत्यांच्या यादीत नाव होते, फिकट. क्लिक केले. पुन्हा क्लिक केले. किती सामने, किती गोल, कितीदा देशाकडून खेळला, काहीही उघडले नाही. तीनशेच्या वर सामने असावेत असा माझा अंदाज आहे, आणि हिशेबनिसाने अंदाज लिहायचा नसतो.

मग मी वहीतले ते रेघा मारलेले पान काढले. 2033 च्या ओळीत, आकड्यांशेजारी, माझ्याच अक्षरात लिहिले होते: "मोठ्या सामन्यात घाबरत नाही, असे प्रशिक्षक म्हणतात." म्हणजे जे एडिटरच्या तळाशी लपले होते ते मला दोन वर्षे आधीच सांगितले गेले होते, आणि मी ते ऐकून लिहूनही ठेवले होते. विकताना वही उघडली होती ती फक्त रेघा मारण्यासाठी.

2021 मधल्या मला विचाराल, तर तो शांतपणे सांगेल की ज्या मालमत्तेची किंमत वाढायची थांबली आणि जिच्यावर इथून पुढे घसाराच काढायचा आहे, ती चढत्या भावात विकण्याला व्यवहार म्हणतात. त्याच पैशांतून आणलेल्या स्ट्रायकरने आम्हाला वरच्या श्रेणीत नेले, हेही तो सुनावेल, आणि ते खरे आहे. मी त्याला म्हणतो की तू मुलगा विकला नाहीस, एक आकडा विकलास. त्यावर तो म्हणतो, मुलगा होताच कुठे, तो आकडाच होता. आमचे भांडण इथे येऊन थांबते, कारण तांत्रिकदृष्ट्या त्याचे बरोबर आहे आणि मला ते अजिबात मान्य नाही.

त्याआधी, 2020 च्या डिसेंबरात, बेलारूसचा फुटबॉलपटू मॅक्सिम त्सिगाल्कोच्या निधनाची बातमी आली होती. चॅम्पियनशिप मॅनेजरच्या, म्हणजे याच गेमच्या पूर्वावताराच्या, 2001-02 च्या आवृत्तीत त्याच्याइतका हुकमी स्ट्रायकर क्वचितच दुसरा असेल; प्रत्यक्षात दुखापतींनी त्याला सव्विसाव्या वर्षी खेळ सोडावा लागला आणि तो सदतिसाव्या वर्षी गेला. ती बातमी वाचून मी हळहळलो होतो आणि त्यानंतर सहाच महिन्यांत 131 वर विश्वास ठेवला. यातून मला स्वतःविषयी जे कळते ते फार सुखावह नाही.

आता 2024 च्या आवृत्तीतली सेव्ह चालू आहे. पुढच्या वर्षीची आवृत्ती रद्दच झाल्यामुळे ती अपेक्षेपेक्षा बरीच लांबली. सुरुवात करतानाच एडिटर कायमचा बंद ठेवण्याचा पर्याय असतो, तो मी निवडला होता. वही दुसरी आहे. त्यात बंद खाते ही पद्धत नाही. विकलेल्या खेळाडूच्याही नोंदी निवृत्तीपर्यंत होतात, आणि त्यामुळे 30 जूनचे काम चार तासांवर गेले आहे, याबद्दल घरात जे बोलले जाते ते रास्त आहे. मात्र प्रशिक्षकांचे तारे मी अजूनही पाहतो, आणि तारे म्हणजे तोच आकडा धूसर करून दाखवलेला, हे मला ठाऊक आहे.

खारघरचा माझा भाचा गणपतीत आला होता, त्याने जुनी वही चाळली. त्याने ते पान काढून विचारले, "मामा, हा अर्धाच का?" मी थोडक्यात सांगितले. तो म्हणाला, "मग 2046 ची एखादी सेव्ह जुन्या लॅपटॉपवर असेलच ना? तेव्हा तर तो खेळतच होता." जुन्या आवृत्तीची सेव्ह नव्या आवृत्तीत उघडणार नाही, पण त्या लॅपटॉपवर जुना गेम अजून आहे, आणि दर हंगामाअखेर वेगळी प्रत ठेवायची सवय मला तेव्हाही होती. हे मला सुचले नव्हते असे मी त्याला सांगितले. खरे तर सुचले होते.

लॅपटॉप माळ्यावरून उतरवला आहे, चार्जरही सापडला. ती सेव्ह उघडली तर शेवटचा हंगाम सोडून सगळे सामने आणि गोल मिळतील आणि पान जवळजवळ पुरे होईल. पण त्या सेव्हमध्ये एडिटरही आहे, आणि या वेळी मी त्या पानावर खाली सरकल्याशिवाय राहणार नाही. गेला महिनाभर लॅपटॉप टेबलावर आहे, वही त्याच्यावर ठेवली आहे.