तुम्ही विचारलंत म्हणून : इलेक्ट्रिक गाडी जास्त पेटते का?

"इलेक्ट्रिक घ्यायची आहे, पण ती पेटते म्हणतात. पेट्रोलचीच बरी ना?" गाडी बुक करायच्या आदल्या दिवशी हा प्रश्न हमखास येतो. सोसायटीच्या सेक्रेटरींकडून तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत येतो: "खालच्या पार्किंगमध्ये चार्जर लावू द्यायचा का?" दोघांनाही मी एकच उत्तर देतो. इलेक्ट्रिक गाडी पेटण्याची शक्यता पेट्रोलच्या गाडीपेक्षा कमी आहे. पेटलीच, तर विझवणं जास्त अवघड आहे. आणि मालकाने घ्यायची काळजी गाडीपेक्षा भिंतीतल्या सॉकेटची जास्त आहे. म्हणून सॉकेटबद्दल मी जरा लांबण लावणार आहे.

आधी आकडा. स्वीडनच्या नागरी सुरक्षा खात्याने 2022 सालचा हिशेब मांडला. सुमारे 6 लाख 11 हजार इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांपैकी 23 पेटल्या, आणि पेट्रोल-डिझेलच्या 44 लाखांपैकी साधारण 3,400. म्हणजे प्रमाण वीसपट कमी. पण ही वीसपट अक्षरशः घेऊ नका. इलेक्ट्रिक गाड्या वयाने तरुण आहेत आणि आगी जास्त करून जुन्या गाड्यांना लागतात. ती सूट दिली तरी फरक मोठाच राहतो, आणि त्याचं कारण समजण्यासारखं आहे.

पेट्रोलची वाफ उणे 40 अंशांच्या आसपासही ठिणगीने पेट घेते. ती हवेपेक्षा तीन-चारपट जड असते, त्यामुळे गळालेलं पेट्रोल जमिनीलगत साचतं. बॉनेटखाली हेच इंधन रबरी नळ्यांमधून फिरतं आणि हातभरावर तापून लाल होणारा एक्झॉस्ट असतो. नळीला वयाने भेगा पडतात, क्लिप सैल होते, ऑइल सील झिरपतं, उंदीर नळी कुरतडतात. त्यात भर म्हणून बाहेरून लावलेले हेडलाइट, हॉर्न आणि म्युझिक सिस्टिम फ्यूजशिवाय थेट बॅटरीला जोडलेले असतात. हे शेवटचं कारण दोन्ही गाड्यांना लागू आहे, कारण इलेक्ट्रिक गाडीतही 12 व्होल्टची छोटी बॅटरी आणि तिचं वायरिंग असतंच. नव्या इलेक्ट्रिक गाडीचा हार्नेस, म्हणजे वायरिंगचा जुडगा, कापून कोणी ॲक्सेसरी जोडू लागला तर तिथेच थांबवा. सीएनजीवाल्यांना एवढंच सांगेन: सिलिंडरमध्ये 200 बारचा दाब असतो, त्याची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी करायची असते, ती चुकवू नका.

आपल्याकडे भीती मुळात स्कूटरवरून बसली. मार्च 2022 मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली स्कूटर पेटल्याचा व्हिडिओ घराघरांत पोचला. त्याच जूनमध्ये वसईत एक कार पेटली आणि सरकारने चौकशी लावली. स्कूटरचा बॅटरी पॅक आणि कारचा पॅक एका तागडीत तोलू नका. स्कूटरमध्ये जागा कमी, बहुतेक पॅक नुसत्या हवेवर थंड होणारे, आणि काही पॅक तर काढून घरात चार्ज करायचे. त्या उन्हाळ्यानंतर दुचाकींच्या बॅटरीचं एआयएस 156 मानक कडक झालं आणि डिसेंबर 2022 पासून टप्प्याटप्प्याने लागू झालं. कारसाठी एआयएस 038 आहे. आजच्या बहुतेक कारच्या पॅकमध्ये पाण्यावर चालणारं कूलिंग, प्रत्येक सेलगटाच्या व्होल्टेजवर आणि जागोजागच्या तापमानावर नजर ठेवणारी यंत्रणा, आणि गडबड दिसताच पॅकचा संबंध तोडणारे कॉन्टॅक्टर असतात.

मग बॅटरी पेटते कशी? सेलमध्ये दोन इलेक्ट्रोड असतात आणि मध्ये केसाहूनही पातळ प्लास्टिकचा पडदा. साधारण 130 अंशांवर हा पडदा वितळू लागतो. तो गेला की दोन्ही बाजू भिडतात, शॉर्ट होतो, उष्णता वाढते, ती शेजारच्या सेलला तापवते, आणि हे सत्र बाहेरून थांबवता येत नाही. पडदा बिघडायची कारणं मोजकी आहेत: कारखान्यातला दोष, खालून बसलेला जबर मार, आत शिरलेलं पाणी, किंवा चार्जिंग आवरण्यात चुकलेली यंत्रणा. शेव्हरोले बोल्टचं उदाहरण बघा. 2021 मध्ये या मॉडेलच्या सगळ्या, म्हणजे 1 लाख 40 हजारांच्या आसपास गाड्या परत बोलवाव्या लागल्या. काही सेलमध्ये इलेक्ट्रोडची पट्टी फाटलेली आणि पडदा दुमडलेला, असे दोन्ही दोष एकाच सेलमध्ये आले होते. म्हणून कंपनीचं रिकॉलचं पत्र किंवा मेसेज आला की त्याच आठवड्यात गाडी दाखवा, "पुढच्या सर्व्हिसला बघू" म्हणू नका.

शोरूममध्ये सेलचा प्रकार विचारा. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) सेल 200 अंशांच्या पुढेमागे स्वतःच ऑक्सिजन सोडू लागतो, म्हणजे आगीला बाहेरच्या हवेचीही फारशी गरज उरत नाही. एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) सेल त्याहून बराच तापला तरी दम धरतो आणि बिघडला तरी भडका कमी असतो. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांमध्ये आता एलएफपीच आहे. पण "एलएफपी पेटतच नाही" हे सेल्समनचं वाक्य खरं नाही. बिघडलेल्या एलएफपीतून निघणाऱ्या वायूतही हायड्रोजन असतो आणि बंद जागेत साचून तो स्फोटासारखा पेटू शकतो.

आता सॉकेट.

घरच्या 15 अँपिअरच्या सॉकेटवर गाडी साधारण 3.3 किलोवॉट घेते, म्हणजे 14 अँपिअरच्या वर. गीझर एवढाच करंट घेतो, पण पंधरा मिनिटं. गाडी आठ-दहा तास सलग घेते, तेही घरातले सगळे झोपलेले असताना. सॉकेटच्या आतली पितळी पकड वापराने सैल झाली आणि तिथे फक्त 0.1 ओहमचा रोध आला असं धरा. चौदाचा वर्ग गुणिले 0.1, म्हणजे जवळजवळ वीस वॉट. लहान सोल्डरिंग आयर्न एवढ्यावरच चालतं. ते रात्रभर प्लास्टिकच्या डबीत चालू ठेवल्यासारखं आहे हे. आधी पिन काळवंडते, मग पकडीची स्प्रिंग तापून आणखी सैल होते, रोध वाढतो, उष्णता वाढते. प्लास्टिक तापलं की करपलेल्या मासळीसारखा वास येतो. हा वास आला तर आधी एमसीबी पाडा, प्लग नंतर काढा.

तपासायची साधी रीत आहे. चार्जिंग सुरू करून अर्धा तास झाला की हाताची मागची बाजू प्लगला लावा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर त्या सॉकेटवर गाडी लावायची नाही, सॉकेट बदलायचा. ही तपासणी नव्या सॉकेटवरही महिन्याला एकदा करा, कारण रोज प्लग काढ-घाल झाली की पकड सैल होतेच.

इलेक्ट्रिशियनला सांगायचं ते असं. पार्किंगपर्यंत मीटरपासून स्वतंत्र लाइन, मध्ये कुठेही जोड नाही. 15 अँपिअरच्या सॉकेटसाठी 4 स्क्वेअर एमएम कॉपर वायर आणि 20 अँपिअरचा एमसीबी. 7.2 किलोवॉटचा वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवरचा चार्जर, असेल तर 32 अँपिअर जाणार, म्हणून 6 स्क्वेअर आणि 40 अँपिअरचा एमसीबी. मीटर रूम लांब असेल आणि अंतर चाळीस-पन्नास मीटरच्या वर गेलं तर 10 स्क्वेअर टाका. जुन्या इमारतीतल्या ॲल्युमिनियमच्या वायरवर गाडी लावूच नका: ॲल्युमिनियम स्क्रूखाली दबत जातं, काही काळाने तोच जोड सैल होतो. गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी 30 मिलिअँपिअरचा, पण टाइप ए. बाजारात सर्रास मिळणारा "टाइप एसी" हा डीसी गळतीसमोर आंधळा होतो, आणि गाडीच्या चार्जरमधून डीसी गळती होऊ शकते. वॉलबॉक्समध्येच 6 मिलिअँपिअरची डीसी गळती ओळखायची सोय आहे का ते विचारा. नसेल तर टाइप बी लागेल. तो महाग पडतो, तरी घ्या.

अर्थिंगबद्दल कळकळीने सांगतो. अर्थिंग नसेल तर चार्जर लाल दिवा दाखवतो आणि चार्जिंग सुरूच करत नाही. मग कोणीतरी हुशार माणूस सॉकेटच्या मागे न्यूट्रलवरून अर्थच्या पिनला वायरचा तुकडा मारून देतो. दिवा हिरवा होतो, सगळे खूश. पुढे कधीतरी मागे न्यूट्रल तुटला, की त्याच तुकड्यातून 230 व्होल्ट गाडीच्या पत्र्यावर येतात. पावसात ओल्या जमिनीवर उभं राहून दाराला हात लावणारा माणूस मरू शकतो. हा लूप मारलेला दिसला तर त्या क्षणी काढायला लावा आणि रीतसर अर्थ पिट करून घ्या. चांगल्या पिटचा रोध 5 ओहमच्या आत यायला हवा. मोजून दाखवायला सांगा, नुसत्या शब्दावर जाऊ नका. आणि एक्स्टेन्शन बोर्ड नको, खिडकीतून सोडलेली लांब वायर तर नकोच.

आता अपघात. गाड्या आपटून सुरक्षेचे गुण देणारं भारत एनकॅप ऑक्टोबर 2023 पासून सुरू झालं, आणि तिथे टाटाच्या पंच ईव्हीला मोठ्यांच्या सुरक्षेत 32 पैकी 31.46 गुण मिळाले. बॅटरी तळाशी असल्याने गाडीचा भार खाली राहतो आणि ती सहज उलटत नाही. अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षा विमा संस्थेच्या 2021 च्या अभ्यासात, पेट्रोलच्या आणि इलेक्ट्रिकच्या एकाच मॉडेलची तुलना केली तेव्हा आतल्या माणसांच्या दुखापतीचे दावे इलेक्ट्रिकमध्ये 40 टक्क्यांहून अधिक प्रमाणात कमी निघाले. त्यात वजनाचाही वाटा आहे, आणि ते वजन समोरच्याला सोसावं लागतं. दोन-तीनशे किलो जास्त असलेली गाडी दुचाकीला धडकली तर दुचाकीवाल्याचं काय होतं हे सांगायला नको. गाडी आवाज न करता जवळ येते हाही पायी चालणाऱ्याला धोकाच आहे. युरोपात 2021 पासून प्रत्येक नव्या इलेक्ट्रिक गाडीला ताशी 20 किलोमीटरपर्यंत कृत्रिम आवाज सक्तीचा आहे. सोसायटीच्या आवारात मुलं खेळतात, तिथे तुमच्या गाडीत हा आवाज असेल तर बंद करू नका. टायर बदलताना लोड इंडेक्स मूळचाच घ्या, स्वस्त पडतो म्हणून कमी भाराचा नको.

जोरदार धडक बसली की एअरबॅगसोबत हाय व्होल्टेजचा संबंध तोडला जातो. हाय व्होल्टेजची केशरी केबल मात्र स्वतः कधीच हाताळायची नाही. आणखी एक गोष्ट गाडी घरी आल्याच्या दिवशीच करा: दार विजेशिवाय कसं उघडतं ते पुस्तिकेत बघून प्रत्येक दारावर करून बघा. काही मॉडेलमध्ये मागच्या दारांची यांत्रिक कडी अशी दडवलेली असते की धुरात सापडणार नाही. काच फोडायचा हातोडा ठेवत असाल तर कोणती काच साधी आणि कोणती लॅमिनेटेड ते काचेवरच्या खुणेत वाचा, लॅमिनेटेड काच त्याने फुटत नाही.

खालून बसलेला मार लोक सोडून देतात, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. घाटात दगडावर किंवा खड्ड्याच्या काठावर पॅक आपटला तर गाडी रॅम्पवर चढवून बघाच. नुसता ओरखडा चालेल, पण पत्रा आत दबला असेल, सील उचकटलं असेल किंवा डॅशबोर्डवर इन्सुलेशनची सूचना आली असेल तर चार्जिंग न करता सर्व्हिस सेंटर गाठा.

पावसाचं तसंच. पॅकमध्ये पाणी शिरत नाही याचा दर्जा सांगणारं आयपी 67 म्हणजे एक मीटर पाण्यात तीस मिनिटं, पण ती चाचणी नव्या पॅकची असते. पाच वर्षं खड्डे खाल्लेल्या सीलची नाही. अर्ध्या चाकाएवढ्या पाण्यातून हळू निघून गेलात तर चिंता नाही. गाडी तासन्‌तास पाण्यात उभी राहिली, आणि तेही भरतीचं खारं पाणी असेल, तर चालू करू नका, चार्जिंगला लावू नका, इमारतीपासून लांब उभी करा. 2022 मध्ये फ्लोरिडात इयन वादळानंतर खाऱ्या पाण्यात बुडालेल्या गाड्या नंतर पेटल्या होत्या. नेताना फ्लॅटबेडवरच न्या: चाकं फिरली की मोटर वीज तयार करते.

सोसायटीच्या प्रश्नाकडे येतो. ऑगस्ट 2024 मध्ये दक्षिण कोरियात इंचनच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये एक इलेक्ट्रिक गाडी पेटली आणि शंभराहून जास्त गाड्यांचं नुकसान झालं. ती चार्जिंगला लावलेलीही नव्हती. आग पसरली कारण कर्मचाऱ्याने स्प्रिंकलर बंद केला होता. ऑक्टोबर 2023 मध्ये लंडनजवळ लूटन विमानतळाचं पार्किंग जळलं आणि हजाराहून जास्त गाड्या गेल्या. ती आग डिझेल गाडीची होती, आणि तिथे स्प्रिंकलरच नव्हते. मग सेक्रेटरींनी चार्जरवर बंदी घालून काय साधणार? गाडी तळघरातच उभी राहणार, आणि मालक रात्री चोरून वायर सोडणार. त्यापेक्षा रीतसर लाइन द्या, शक्यतो रॅम्पजवळची जागा द्या, स्प्रिंकलरच्या टाकीत पाणी आहे का आणि व्हॉल्व्ह उघडा आहे का ते दर महिन्याला बघा, चार्जिंगचा पुरवठा बंद करणारा मोठा स्विच गेटजवळ बसवा आणि वॉचमनला तो दाखवून ठेवा.

आणि गाडीखालून पांढरी दाट वाफ, पॉपकॉर्न फुटल्यासारखे आवाज किंवा गोडसर रासायनिक वास आला, तर सामान घ्यायला थांबू नका. ती वाफ विषारी असते. माणसं बाहेर काढा, वारा जिकडून येतो त्या बाजूला निदान पंधरा मीटर लांब जा. हातातलं छोटं अग्निशामक सीटला लागलेल्या आगीवर चालेल, पॅकवर नाही. पॅकला भरपूर पाणी लागतं, तासभर किंवा जास्त, आणि विझल्यावरही तो काही तासांनी, कधी काही दिवसांनी पुन्हा पेटू शकतो. म्हणून जळालेली गाडी दुसऱ्या गाड्यांच्या रांगेत नेऊन उभी करू देऊ नका. 101 ला फोन लावाल तेव्हा पहिल्याच वाक्यात "गाडी इलेक्ट्रिक आहे" हे सांगा. हिरवी नंबर प्लेट बघून जवानांना ते कळलं असतं, पण ते पोचेपर्यंत धुरात ती दिसेलच असं नाही.