‘ठराव अजून कायम व्हायचाय’ : नगरपरिषदेतून ठरावाची प्रत काढताना

आमच्या गल्लीची बंद गटार मंजूर झाल्याची बातमी मी जुलैच्या शेवटी वाचली. त्या दिवशीही आमच्या उंबऱ्यापाशी विटांची ओळ लावलेलीच होती, कारण पाऊस जरा जोरात झाला की उघड्या गटारीचं पाणी थेट दारात येतं. साहजिकच आनंद झाला. पण गटार कुठून कुठपर्यंत, पैसे कुठल्या निधीतून, काम कधी, यातलं काहीच बातमीत नव्हतं. म्हणून नगरपरिषदेतून ठरावाची प्रत आणायचं ठरवलं. ती हातात पडायला नोव्हेंबर उजाडला, आणि सगळा वेळ एकाच वाक्याने खाल्ला: ‘ठराव अजून कायम व्हायचाय.’

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. सर्वसाधारण सभा झाली की तिचं इतिवृत्त, म्हणजे सभेत काय ठरलं त्याची नोंद, लिहितात आणि पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त वाचून कायम करतात, म्हणजे ते बरोबर असल्याचं मान्य करतात. तोपर्यंत प्रत द्यायची नाही, असं सभा विभागातल्या लिपिकांचं म्हणणं. मी म्हटलं, “साहेब, ठराव लिहून तर झालाय ना?” ते म्हणाले, “लिहिलाय हो ताई, पण कायम कुठे झालाय?” लाल पुठ्ठ्याचं प्रोसिडिंग बुक, म्हणजे ठराव लिहायची नोंदवही, त्यांच्या कोपराखालीच होतं. माझ्यापासून हातभर अंतरावर.

पुढची सभा कधी, तर अजेंडा निघाल्यावर कळेल. दुसऱ्या खेपेला अजेंडा निघालेला नव्हता. तिसऱ्या खेपेला निघाला होता, सभाही बोलावली होती, पण गणपूर्ती झाली नाही म्हणून तहकूब. म्हणजे नगरसेवक सभेला आले नाहीत आणि त्यामुळे आधीच्या सभेत काय ठरलं ते मला कळणार नाही! मला याचा खरोखर संताप आला. गटारीच्या वासात राहायचं आम्ही, घरपट्टी भरायची आम्ही आणि आमच्याच गल्लीबद्दलचा चार ओळींचा निर्णय आम्हाला वाचायला मिळत नाही. “प्रत देता येत नाही एवढं तरी लेखी द्या,” म्हटलं, तर तेही नाही. प्रतीसाठी आधी दिलेला माझा साधा अर्ज कुठे गेला त्याचाही पत्ता लागेना, कारण मी त्याची पोच घेतली नव्हती. अर्ज कसलाही असो, दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

मग माहिती अधिकाराचा अर्ज केला. जोडपत्र ‘अ’चा नमुना आणि त्यावर 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि मजकूर 150 शब्दांच्या आत ठेवावा लागतो. माझ्या कच्च्या अर्जात ‘काम अद्याप का सुरू झाले नाही?’ असा प्रश्न होता. आमच्या शेजारचे काका तहसील कचेरीतून निवृत्त झालेत, त्यांनी तो खोडायला लावला. ‘का’ विचारलं की ‘माहिती या संज्ञेत बसत नाही’ असं उत्तर येतं, कागद मागितला की कागदाबद्दलच बोलावं लागतं. म्हणून सभेची तारीख, विषय क्रमांक आणि ‘या विषयावरील ठरावाची साक्षांकित प्रत, इतिवृत्त कायम झाले नसल्यास नोंदवहीत आहे त्या स्थितीतील प्रत’ एवढंच लिहिलं. हे शेवटचं वाक्य काकांचं, आणि पुढे तेच कामी आलं.

मुदत 30 दिवसांची असते. अठ्ठाविसाव्या दिवशी पत्र आलं, एका ओळीचं: इतिवृत्त कायम झालेले नसल्याने माहिती देता येत नाही.

त्या रात्री मी 2005 चा कायदा मोबाइलवर उघडून बसले. कलम 7(1) सांगतं की नकार द्यायचा तर तो कलम 8 आणि 9 मधल्या कारणांवरूनच. दोन्ही कलमं मी दोनदा वाचली. देशाची सुरक्षा आहे, व्यापारी गुपित आहे, खासगी माहिती आहे. इतिवृत्त कायम व्हायचंय हे कारण त्यात कुठेच नाही. शिवाय कलम 7(8) प्रमाणे नकाराच्या पत्रात कारण, अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकारी कोण हे कळवावंच लागतं. माझ्या पत्रात मुदतही नव्हती आणि अधिकाऱ्याचा उल्लेखही नव्हता. पहिलं अपील 30 दिवसांत करायचं असतं, त्याला 20 रुपयांचं स्टॅम्प लागतं. मी तिसऱ्याच दिवशी केलं, आणि त्यात ही दोन कलमं सोडून दुसरं काही लिहिलं नाही. मनातला राग अपिलात उतरवायचा मोह होतो, पण तो बाहेर ठेवा.

सुनावणी दहा मिनिटांत झाली. अपिलीय अधिकाऱ्यांनी पत्र वाचलं, माझा अर्ज वाचला आणि लिपिकांना विचारलं, “नोंदवहीत ठराव आहे ना?” “आहे साहेब.” “मग आहे तशी प्रत द्या, वर कायम होण्याच्या अधीन असा शेरा मारा.” इतकंच! बाहेर आल्यावर मी पायरीवर बसले आणि आधी काकांना फोन लावला.

चार पानं, पानाला 2 रुपये, पावती 8 रुपयांची. (पानं खूप असतील तर आधी अभिलेख पाहणीची, म्हणजे कागद तिथेच बसून बघण्याची, मागणी करा, पहिल्या तासाला पैसे पडत नाहीत. मला हे फार उशिरा कळलं.)

ठराव घरी येऊन नीट वाचला. सूचक, अनुमोदक, गल्लीची हद्द, सगळं बरोबर होतं. शेवटची ओळ मात्र अशी: ‘निधीच्या उपलब्धतेनुसार काम हाती घेण्यास ही सभा सर्वानुमते मंजुरी देत आहे.’ बातमीत ‘मंजूर’ आलं होतं, ‘निधीच्या उपलब्धतेनुसार’ गळलं होतं. म्हणजे तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करायचा आदेश) हे सगळं पुढेच, आणि पैसे धरलेले नाहीत. ही ओळ ऑगस्टमध्येच हातात आली असती तर तेव्हाच नगरसेवकांच्या मागे लागलो असतो. ते चार महिने वाया गेले याची चुटपुट अजून जात नाही.

नगरपरिषदेचं पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक मार्चअखेरच्या आत मंजूर व्हायचं असतं. त्यात या गटारीसाठी तरतूद धरावी म्हणून गल्लीतल्या तेवीस घरांच्या सह्यांचा अर्ज आणि सोबत ठरावाची प्रत, असं मुख्याधिकाऱ्यांना आणि प्रभागाच्या दोन्ही नगरसेवकांना परवा देऊन आलो. तिन्ही अर्जांची पोच माझ्याकडे आहे.